खटका पडतो, पण चेन अर्ध्यातच अडते: गिअर केबलचा ‘ताण’ जुळवताना नेमके काय बदलते?

मध्यमगती (प्रश्न)

माझ्या सायकलीच्या मागच्या चाकाला ९ दातेरी चकत्यांचा संच, म्हणजे कॅसेट, आहे. सुमारे तीन आठवड्यांपूर्वी मागच्या गिअरची केबल आणि तिचे बाहेरचे आवरण, म्हणजे आउटर, हे दोन्ही मी स्वतःच बदलले. पहिले काही दिवस प्रत्येक खटक्याला चेन बिनबोभाट आपल्या जागी जात होती. त्यानंतर मोठ्या चकतीवर चढताना ती रेंगाळू लागली. शिफ्टरचा, म्हणजे हँडलवरच्या गिअर बदलणाऱ्या तरफेचा, खटका पडायचा, पेडलचे दोन-तीन फेरे होईपर्यंत चेन नुसती करकरत राहायची आणि मग एकदम उडी मारून चढायची. केबल सैल पडली असावी असे समजून मी डिरेलरच्या (चेनला एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या यंत्रणेच्या) मागचा बॅरल ॲडजस्टर, म्हणजे केबल जुळवण्याचा पोकळ स्क्रू, एक पूर्ण फेरा फिरवला. चढणे सुधारले, पण आता चेन लहान चकतीकडे उतरताना तशीच रेंगाळते. अर्धा फेरा उलटा फिरवला, तर दोन्हीकडे थोडे थोडे बिघडते. चढणे आणि उतरणे दोन्ही ठीक होईल अशी मधली जागाच सापडत नाही. शेवटी वैतागून एच आणि एल अशी अक्षरे असलेले दोन स्क्रूही मी थोडेसे फिरवले, आणि ते मूळ कुठे होते हे आता आठवत नाही.

मला केवळ ‘इतके फेरे फिरवा’ असे उत्तर नको आहे. ॲडजस्टर फिरवल्यावर आत काय घडते, एका ठिकाणी केलेला बदल सर्व गिअरांवर कसा उमटतो, आणि नवी केबल खरोखरच ताणून लांब होते का, हे कोणी नीट समजावून सांगितल्यास मी आभारी राहीन.

आटे_आणि_फेरे

आपल्या अडचणीचे मूळ काही अंशी ‘केबलचा ताण’ या शब्दप्रयोगात आहे. तो सर्वत्र रूढ आहे आणि मीही वापरतो, पण त्यामुळे आपण तंबोऱ्याची तार लावत आहोत असे चित्र मनात तयार होते, आणि ते चित्र येथे लागू पडत नाही. रहाटाच्या दोरीला बादली टांगलेली असेल, तर दोरीतला ताण बादलीच्या वजनाने ठरतो. दोरी हातभर ओढली म्हणून ताण वाढत नाही, बादली हातभर वर येते. डिरेलरमधली स्प्रिंग ही येथे बादली आहे. ती डिरेलरला सतत सर्वांत लहान चकतीकडे खेचत असते आणि केबल त्याला तिच्या विरुद्ध, मोठ्या चकतीकडे ओढून धरते. (काही थोड्या डिरेलरांमध्ये स्प्रिंगची दिशा याच्या उलट असते, पण ती आता क्वचितच दिसतात.) बादली आणि स्प्रिंग यांत एवढाच फरक आहे की स्प्रिंग जितकी जास्त ओढली जाईल तितकी ती थोडी जड होत जाते. म्हणून ॲडजस्टर फिरवून आपण जे बदलतो तो मुख्यतः ताण नसून डिरेलर कोणत्या जागी उभे राहणार ती जागा असते.

ही जागा बदलते कशी, तर आउटरच्या साहाय्याने. आतली तार एका टोकाला शिफ्टरमध्ये आणि दुसऱ्या टोकाला डिरेलरच्या बोल्टखाली घट्ट धरलेली आहे, तर आउटर हा त्या तारेचा ठरलेला रस्ता आहे. ॲडजस्टर बाहेरच्या बाजूला उघडत नेला की आउटरचे टोक मागे ढकलले जाते, रस्ता लांब होतो, पण तारेची लांबी तीच राहते. तेव्हा वाढलेल्या रस्त्यासाठी लागणारी तार डिरेलरकडून खेचली जाते आणि डिरेलर मोठ्या चकतीच्या दिशेने सरकते. ॲडजस्टर आत कसला की नेमके उलटे होते. डावे-उजवे लक्षात ठेवण्यापेक्षा आटे जितके अधिक उघडे पडतील तितकी केबल ताठ, हे लक्षात ठेवावे. हा नियम डिरेलरजवळच्या ॲडजस्टरलाही लागू आहे आणि शिफ्टरजवळच्यालाही. आटे झाकलेले असतील तर, केबल ज्या बाजूने ॲडजस्टरमध्ये शिरते त्या बाजूने पाहत तो घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवला की केबल ताठ होते.

आता थोडे आकडे पाहू, कारण एक पूर्ण फेरा हा आपल्याला वाटतो तेवढा किरकोळ बदल नाही. ९ चकत्यांच्या कॅसेटमध्ये एका चकतीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंतचे अंतर सुमारे ४.३५ मिमी असते. शिमानो या कंपनीच्या ९ गिअरच्या शिफ्टरचा प्रत्येक खटका सुमारे २.५ मिमी तार ओढतो आणि त्या पद्धतीचे डिरेलर ओढलेल्या तारेच्या सुमारे १.७ पट बाजूला सरकते. २.५ ला १.७ ने गुणले की ४.२५ मिमी, म्हणजे जवळजवळ एका चकतीचे अंतर मिळते. डिरेलरवरच्या ॲडजस्टरचे आटे बहुधा ०.८ मिमीचे असतात. याचा अर्थ एका पूर्ण फेऱ्याने तारेचा रस्ता ०.८ मिमीने बदलतो आणि डिरेलर सुमारे १.४ मिमी सरकते, म्हणजे दोन चकत्यांमधल्या अंतराचा जवळजवळ एक तृतीयांश! आपण एका दमात तेवढे सरकलात. बारीक जुळवणीत पाव फेरा, म्हणजे डिरेलरच्या बाजूने सुमारे एक तृतीयांश मिलिमीटर, एवढीच पायरी ठेवावी. स्रॅम या दुसऱ्या कंपनीच्या ज्या संचांत डिरेलर तारेच्या १.१ पटच सरकते, तेथे त्याच पाव फेऱ्याचा परिणाम आणखी कमी होतो.

एकाच बदलाने सर्व गिअर का सुधारतात किंवा बिघडतात, याचे उत्तरही यातच आहे. खटक्यांमधली अंतरे शिफ्टरमध्ये कायमची कोरलेली असतात. ॲडजस्टर त्यांना हात लावत नाही, तो फक्त संपूर्ण मोजपट्टी एका बाजूला सरकवतो. त्यामुळे चूक सर्व गिअरांत सारखी असेल तर ॲडजस्टर ती दूर करू शकतो. पण लहान चकत्यांवर सर्व ठीक आणि मोठ्या चकत्यांकडे जाताना चूक वाढत वाढत जाते असे दिसले, तर मोजपट्टीच चुकीची आहे, म्हणजे शिफ्टर आणि डिरेलर एकमेकांच्या मापाचे नाहीत किंवा तार डिरेलरच्या बोल्टखाली चुकीच्या बाजूने दाबली गेली आहे. ही दुसरी चूक फार सहज होते. बोल्टजवळ तारेसाठी एक खाच असते, तार तिच्याबाहेर बसली की तरफेची लांबी बदलते आणि १.७ चे गणित कोलमडते. आपण केबल स्वतः बसवली आहे, तेव्हा हे आधी पाहून घ्यावे.

खटक्यांची पद्धत येण्यापूर्वी हा प्रश्नच नव्हता. शिमानोने १९८४ मध्ये ड्युरा-एस या आपल्या शर्यतीच्या सायकलींच्या संचात खटक्याचे गिअर आणले. तोपर्यंत बहुतेक सायकलींवर चालणारी जुनी तरफ कुठेही थांबत असे, आणि चेनचा आवाज ऐकत स्वार तिला आपल्या अंगठ्याने नेमक्या जागी आणत असे. केबल मिलिमीटरभर सैल झाली तर अंगठा नकळत तेवढा पुढे जाई. ते काम आता शिफ्टरच्या आतल्या दात्यांकडे आले आहे आणि त्यांना आवाज ऐकू येत नाही.

तेलकट_हात

वरचे विवेचन योग्य आहे, पण ‘ताण’ हा शब्द सरसकट मोडीत काढू नये असे मला वाटते. चेन सर्वांत लहान चकतीवर असताना डिरेलर केबलवर टेकलेले नसते, ते एच स्क्रूवर, म्हणजे लहान चकतीच्या टोकाच्या अडसरावर, टेकलेले असते. त्या वेळी केबल खरोखर लोंबती सैल असू शकते किंवा नुकतीच ताठ असू शकते. ती सैल असेल तर पहिल्या खटक्याचा काही भाग केवळ तो ढिलेपणा गोळा करण्यात खर्च होतो आणि डिरेलर हलतच नाही. याच कारणाने बारीक जुळवणी पहिल्या, म्हणजे सर्वांत लहान, चकतीवर करू नये. तेथे आपण ॲडजस्टर फिरवत राहतो आणि काहीच बदलत नाही, किंवा बदललेले दिसत नाही.

आपण एच आणि एल स्क्रू हलवले असल्याने सुरुवात तेथूनच करावी लागेल. हे दोन स्क्रू केवळ दोन टोकांचे अडसर आहेत, मधल्या सात गिअरांशी त्यांचा काहीही संबंध नाही. बोल्ट सैल करून केबल सोडून द्यावी, म्हणजे डिरेलर स्वतःच्या स्प्रिंगने एच अडसरावर जाऊन टेकेल. मागून पाहिल्यास डिरेलरची वरची पुली (चेन जिच्यावरून जाते ते लहान चाक) सर्वांत लहान चकतीच्या बाहेरच्या कडेच्या बरोबर खाली दिसली पाहिजे. एल तपासताना डिरेलरला हाताने आतल्या बाजूला ढकलत पेडल सावकाश फिरवावे. पुली सर्वांत मोठ्या चकतीच्या बरोबर खाली येऊन थांबली पाहिजे, तिच्या पलीकडे नाही. येथे घाई करू नये, कारण एल अडसर सैल राहिला तर चेन मोठी चकती ओलांडून चाकाच्या स्पोकांत अडकते, आणि चढावर जोर लावत असतानाच हे घडण्याची शक्यता अधिक असते.

यानंतर शिफ्टर सर्व खटके सोडून शेवटपर्यंत आणावा, ॲडजस्टर पूर्ण आत कसून मग एक-दोन फेरे बाहेर घ्यावा, तार खाचेत बसवून हाताने किंवा पकडीने बेताने ओढून धरावी आणि बोल्ट कसावा. तार जिवाच्या आकांताने ओढण्याचे कारण नाही. जास्त ओढली तर डिरेलर एच अडसरावरून उचलले जाते आणि चेन सर्वांत लहान चकतीवर उतरायलाच नकार देते. आता एक खटका द्यावा. चेन दुसऱ्या चकतीवर गेली नाही तर अर्धा फेरा उघडावा, ती थेट तिसरीवर उडाली तर अर्धा फेरा कसावा.

पुढची परीक्षा मला सर्वांत भरवशाची वाटते आणि शिमानोच्या संचांसाठी हीच पद्धत सांगितली जाते. चेन दुसऱ्या चकतीवर असताना शिफ्टरची तरफ पुढचा खटका पडणार नाही इतपतच, म्हणजे तिचा मोकळा खेळ संपेपर्यंत, दाबून धरावी आणि पेडल फिरवावे. चेन तिसऱ्या चकतीला घासून खरखरली पाहिजे आणि तरफ सोडताच आवाज थांबला पाहिजे. दाबूनही आवाज येत नसेल तर केबल सैल आहे, न दाबताच येत असेल तर ती अधिक ताठ आहे. पाव पाव फेऱ्याने ही सीमा गाठावी. बाकी गिअर मग बहुतेक वेळा आपोआप जागेवर येतात.

एक सूचना जाता जाता देतो. वरच्या पुलीला हाताने डावी-उजवीकडे किंचित हलवता येते, ती झिजली आहे असे समजून बदलू नये. पुष्कळ डिरेलरांमध्ये तो खेळ मुद्दाम ठेवलेला असतो, जेणेकरून थोडी चूक ती स्वतःच सांभाळून घेईल.

मध्यमगती

दोघांचेही मनापासून आभार. तार खाचेतच होती. एच आणि एल नव्याने लावले, केबल पुन्हा बसवली आणि दुसऱ्या-तिसऱ्या चकतीची आवाजाची परीक्षाही केली. पहिल्या तीन चकत्यांवर आता चढणे उत्तम आहे. पण एक चमत्कारिक गोष्ट दिसली, आणि ती आधीही असावी. सायकल टांगून मी पाचव्या चकतीवर दोन्ही बाजूंनी आलो. चौथीवरून पाचवीवर चढलो तेव्हा पुली चकतीच्या जवळजवळ बरोबर खाली होती. सहावीवरून पाचवीवर उतरलो तेव्हा मात्र ती सहावीच्या बाजूला मिलिमीटरभर तरी कललेली राहिली. शिफ्टर दोन्ही वेळा त्याच खटक्यावर, ॲडजस्टरला मध्ये हातही लावलेला नाही. मग खरी जागा कोणती मानावी?

सरळ_आउटर

खरी जागा कोणतीही नाही, आणि आपल्याला मधली जागा का सापडत नव्हती याचे कारण हेच आहे. एकाच खटक्यावर दोन दिशांनी येताना डिरेलर दोन वेगळ्या ठिकाणी थांबत असेल, तर तार आउटरमध्ये अडकत आहे. घर्षणाचा त्रास दोन्ही दिशांना सारखा होत नाही. मोठ्या चकतीकडे जाताना तार आपला अंगठा ओढतो, त्याच्याकडे बळ भरपूर असते. लहान चकतीकडे येताना मात्र ती संपूर्ण तार मागे ओढून नेण्याचे काम एकट्या स्प्रिंगचे असते. घर्षण वाढले की स्प्रिंग थोडी आधीच हरते आणि डिरेलर मोठ्या चकतीच्या बाजूला अडकून राहते. सायकलस्वाराला वाटते की केबल जास्त ताठ झाली, तो ती सैल करतो, आणि मग चढणे बिघडते. पुन्हा ताठ करतो, पुन्हा उतरणे बिघडते. आपण इतके दिवस हेच करत होता. जुळवणीसाठी जी काही दशांश मिलिमीटरांची मोकळी जागा असते, ती घर्षणाने खाऊन टाकली आहे, आणि ॲडजस्टर कितीही फिरवला तरी ती परत मिळणार नाही.

शोध कुठे घ्यावा, तर सर्वप्रथम डिरेलरजवळच्या शेवटच्या वळणात. तेथे आउटर सर्वांत खाली लोंबतो, पाणी आणि धूळ तेथेच साचतात. पण तीन आठवड्यांच्या नव्या केबलमध्ये धुळीपेक्षा मला कापणीचा संशय अधिक आहे. आपण आउटर कशाने कापला? गिअरच्या आउटरमध्ये पोलादी तारा लांबीच्या दिशेने, जवळजवळ समांतर बसवलेल्या असतात आणि त्यांच्या आत प्लास्टिकची नळी असते. साध्या पकडीने दाबून कापल्यास ती नळी चपटी होऊन तोंड मिटते. ते तोंड तापवलेल्या सुईने किंवा टोकदार टोच्याने पुन्हा गोल करून घ्यावे लागते आणि कापलेली कड कानशीने सपाट करावी लागते.

याच जोडीला आपल्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तरही देतो. नवी तार ‘ताणून लांब होते’ हा समज फार पसरलेला आहे, पण गिअरमध्ये लागणाऱ्या बळाने १.२ मिमीची पोलादी तार कायमची लांब होईल हे संभवत नाही. बसते ते आउटर. त्याची टोके टोपीत (टोकावर बसवायच्या लहान आवरणात) आणि टोपी आपल्या खोबणीत नीट टेकेपर्यंत रस्ता थोडा आखडतो, आणि रस्ता आखडला की वर सांगितलेल्या हिशेबाने केबल सैल पडते. म्हणूनच नवी केबल बसवल्यावर उघड्या भागात तार हाताने धरून दोन-चार वेळा जोराने बाजूला ओढतात, म्हणजे ही टोके त्याच दिवशी टेकून जातात. पहिल्या एक-दोन आठवड्यांत पाव-अर्धा फेरा द्यावा लागणे साहजिक आहे. त्यानंतरही केबल सैलच होत राहिली, तर तार लांब होत नसून कुठेतरी काहीतरी खचत आहे असे समजावे.

चुकून ब्रेकचा आउटर तर वापरला नाही ना, हेही पाहावे. तो साधारणपणे ५ मिमी जाडीचा असतो आणि त्याच्या आत तार स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते, त्यामुळे दाबाखाली तो किंचित आखडतो. ब्रेकला ते चालते, खटक्याच्या गिअरला चालत नाही. गिअरचा आउटर बहुधा ४ मिमीचा असतो. उलट बाजूने, गिअरचा आउटर ब्रेकला वापरणे मात्र धोक्याचे आहे, कारण ब्रेकच्या बळाखाली त्याच्या समांतर तारा फाकून तो फुटू शकतो.

चढउतार

दोन गोष्टींची भर घालतो, थोडक्यात. शिफ्टर एका जागी ठेवून हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून पाहावे. डिरेलर जरासुद्धा हलले तर पुढचा आउटर आखूड कापला गेला आहे आणि तो वळताना खेचला जातो. दुसरे म्हणजे डिरेलर ज्या हँगरवर बसते तो सरळ आहे की नाही. सायकल उजव्या बाजूला एकदा पडली तरी तो आत वाकू शकतो. मागून पाहताना पुलींचा पिंजरा चकत्यांना समांतर न दिसता खालच्या टोकाला चाकाकडे झुकलेला दिसला, तर काही चकत्यांवर सर्व ठीक आणि काहींवर नाही असे होते, आणि केबलशी कितीही झगडले तरी फरक पडत नाही. आपल्या वर्णनावरून मात्र मला हँगरची शंका कमी वाटते, ‘सरळ आउटर’ यांचे निदान अधिक पटते.

मध्यमगती

निदान बरोबर निघाले. आउटर मी साध्या पकडीनेच कापला होता. ब्रेकचा नव्हता, जाडी ४ मिमीच भरली. हँडल वळवल्यावर डिरेलर हलत नाही आणि हँगरही डोळ्यांना सरळ दिसतो. डिरेलरजवळचा तुकडा काढून पाहिला, तेव्हा त्याच्या एका टोकाला आतली नळी मिटून फटीसारखी झाली होती आणि नवी तार तेथून ओढताना हाताला स्पष्ट खरखर जाणवत होती. दुसऱ्या टोकाला तर त्याहून वाईट अवस्था होती. कड तिरपी कापली गेल्यामुळे आउटरच्या तीन-चार पोलादी तारा टोपीच्या भोकातून बाहेर सरकू लागल्या होत्या. म्हणजे पहिल्या आठवड्यानंतर केबल सैल होत गेली ती या टोकामुळे आणि उतरणे अडले ते त्या टोकामुळे, आणि मी दोन्हींवर एकच ॲडजस्टर फिरवत बसलो होतो.

केबल कटरने नवा तुकडा कापला, कड घासून सपाट केली, नळीचे तोंड टोच्याने गोल केले आणि नव्या टोप्या बसवल्या. तार हाताने ओढून टोके टेकवून घेतली, मग पुन्हा सुरुवातीपासून जुळवणी केली. आवाजाच्या परीक्षेनंतर एकूण पाऊण फेरा द्यावा लागला. पाचव्या चकतीवर दोन्ही बाजूंनी येऊन पाहिले, पुली आता एकाच जागी थांबते.

एक शंका उरली आहे. पुढच्या डिरेलरलाही हाच हिशेब लागू होतो का?

तेलकट_हात

तत्त्व तेच आहे. तेथेही बहुतेक सायकलींत स्प्रिंग चेनला ढकलणाऱ्या पिंजऱ्याला लहान चकतीकडे खेचते आणि केबल त्याला बाहेर ओढते, त्यामुळे मोठ्या चकतीवर चढायला कुरकुर होत असेल तर ॲडजस्टर उघडावा. पण केबलला हात लावण्यापूर्वी पिंजऱ्याची उंची आणि कोन पाहावा. मोठ्या चकतीच्या दात्यांपासून पिंजऱ्याची बाहेरची पट्टी साधारण १ ते ३ मिमी वर आणि चकतीला समांतर हवी. ती तिरपी असेल तर एका टोकाच्या गिअरमध्ये चेन घासतच राहते आणि आपण पुन्हा ॲडजस्टरला दोष देऊ लागतो. शिफ्टरला अर्धा खटका असेल तर तो त्या घासण्यापुरताच दिलेला असतो, तो आधी वापरून पाहावा. आणि आपल्या मागच्या केबलला दोन आठवड्यांनी पाव फेरा द्यावा लागला तर दचकू नये.